सोमवार ते शनिवार: ख्रिस्ती जीवनातल्या या चुका टाळा

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीत मी गेली बावीस वर्षे दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासात पक्के करण्याचा, वर्ग घेत आहे. दरवर्षी आठ-दहा मुले आणि नव्याने विश्वासात आलेली एक-दोन मोठी माणसे समोर बसतात, आणि दरवर्षी त्याच चुका नव्याने होताना मी पाहतो. आमच्या भागात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम झाले असल्यामुळे पुष्कळ घरांत ख्रिस्ती विश्वास चौथ्या-पाचव्या पिढीत आला आहे. त्यामुळे रविवारी उपासनेला कसे बसावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. सोमवारी सकाळी बाजारात, बांधावर आणि स्वयंपाकघरात काय करावे, हे मात्र कोणी विचारतच नाही.

देवाकडे क्षमा मागून माणसाला वगळणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझी आणि माझ्या चुलतभावाची विहीर सामाईक आहे, आणि पाण्याची पाळी ठरलेली आहे. एका वर्षी फेब्रुवारीत रात्रीची लाईट होती. माझ्या गव्हाचे शेवटचे वाफे राहिले होते, म्हणून त्याची पाळी सुरू झाल्यावरही मी तीन तास मोटर चालूच ठेवली. पहाटे विहिरीने तळ गाठला, आणि त्याच्या कांद्याचे चार वाफे ऐन पोसण्याच्या वेळी कोरडे राहिले. त्याने विचारले तेव्हा मी लाईट उशिरा आल्याचे सांगितले, आणि ते खोटे होते.

मन खात होते, म्हणून त्या आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनासभेत मी सगळ्यांसमोर रडलो, पापाची कबुली दिली आणि क्षमा मागितली. मात्र मोटरीचा उल्लेख मी केला नाही. माझ्या हातून एक अपराध घडला आहे, एवढेच बोललो. साक्ष फार प्रभावी झाली असे लोक म्हणाले, आणि मला हलके वाटले. पुढे दोन महिन्यांनी प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी चुलतभाऊ शेवटच्या बाकावर बसला होता. मी वेदीकडे निघताच तो उठून बाहेर गेला. उपासना संपल्यावर आमच्या मंडळीचे वयोवृद्ध धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, यांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, “देवाला तुम्ही सगळे सांगितलेत. त्याला काय सांगितलेत?”

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली 23 आणि 24 ही वचने मला त्या वेळीही तोंडपाठ होती. वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर त्याने दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जावे, समेट करावा आणि मग परत यावे, असे प्रभूने सांगितले आहे. दान अर्धवट टाकून जायला सांगणारा देव किती गंभीरपणे बोलतो आहे, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी मी त्याच्या अंगणात गेलो, तेव्हा दोघे नवराबायको कांद्याची पात कापत बसले होते. “त्या रात्री लाईट उशिरा आली नव्हती. मी तुझ्या पाळीतले तीन तास घेतले आणि तुझ्याशी खोटे बोललो,” असे मी म्हणालो, आणि चार वाफ्यांचा अंदाजे हिशेब करून आणलेले पैसे पुढे ठेवले. त्याने विळा थांबवला नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “पैसे ठेव. पण पुढच्या पाळीला तुझी मोटर मी बंद करणार.” त्यानंतर पूर्ण वर्षभर मोटर बंद करायला तोच येत असे, आणि मी बाजूला उभा राहत असे. तो पुन्हा आमच्या घरी जेवायला आला, तो त्याच्या पुढच्या नाताळात.

नवशिके इथेच उतावीळ होतात. आपण क्षमा मागितली म्हणजे समोरच्याने त्याच क्षणी गळ्यात पडावे अशी त्यांची अपेक्षा असते, आणि तसे झाले नाही की ते समोरच्याच्या विश्वासावरच शंका घेतात. क्षमा मागणे हे आपले काम आहे. ती कधी द्यायची याची तारीख आपण ठरवू शकत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरवले आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात आहे. तारण पैशाने मिळत नाही हे खरेच, परंतु तारण मिळालेल्या माणसाचा हात खिशाकडे जातो, हेही तितकेच खरे आहे.

माझी सवय सांगतो. कोणाकडे क्षमा मागायला जाण्याआधी मी काय केले ते एका वाक्यात कागदावर लिहितो, आणि त्या वाक्यात “पण” किंवा “जर” आला तर कागद फाडून पुन्हा लिहितो. “तुला वाईट वाटले असेल तर” हे शब्द मी वर्गातही चालू देत नाही. बरोबर कोणाला नेत नाही, आणि मोबाइलवर संदेश पाठवून तर कधीच क्षमा मागत नाही.

काही चुका थोडक्यात

सभेत दहा मिनिटे प्रार्थना करणाऱ्याने घरी, दार लावून, निदान तेवढा वेळ तरी करावी.

नाताळच्या कपड्यांसाठी आणि फराळासाठी व्याजाने पैसे काढू नयेत. गव्हाणीत जन्मलेल्याच्या वाढदिवसासाठी मार्चपर्यंत हप्ते फेडणारी घरे मी पाहिली आहेत.

एकाच मेजावरून प्रभुभोजन घ्यायचे आणि सोयरीक जुळवताना “मूळचे कोण?” असे विचारून हळूच जात काढायची, ही आमच्या मंडळ्यांतली जुनी आणि लाजिरवाणी चूक आहे. तिच्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: तो प्रश्न विचारणाऱ्या घराची मध्यस्थी मी करत नाही.

नव्याने विश्वासात आलेल्या तरुणांना तर मी पहिल्याच दिवशी बजावतो की आईच्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. बाप्तिस्मा तुमचा झाला आहे, आईचा नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे मन त्या वाटेवर यायला त्यानंतर काही वर्षे लागली, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने आल्या. ज्यांना घरातली माणसे आठवड्याभरात बदलायला हवी असतात, त्यांनी आधी आईचे पाणी भरावे, तिच्या औषधाच्या वेळा सांभाळाव्यात आणि तिच्याशी चढ्या आवाजात बोलणे सोडावे. विश्वासाने मुलात काय फरक पडला, हे आईइतके बारकाईने कोणी पाहत नाही.

दुःखाच्या घरी वचन फेकून मारणे

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले 29:11 हे वचन आज कॅलेंडरवर, मगांवर, लग्नपत्रिकांवर आणि रोज सकाळी मोबाइलवर दिसते. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय आहे. मलाही ते फार प्रिय होते. मी सत्तावीस वर्षांचा असताना आमच्या वस्तीवरच्या एका घरात सात वर्षांचा मुलगा सर्पदंशाने गेला. मी दुसऱ्याच दिवशी पवित्र शास्त्र घेऊन त्या घरी गेलो आणि बसल्या बसल्या हेच वचन उघडून वाचू लागलो. दाराशी मुलाच्या शाळेच्या चपला तशाच होत्या, एक सरळ आणि एक उलटी. त्याची आई त्या चपलांकडे पाहत म्हणाली, “हे हिताचं असेल तर वाचू नका.” मी पुस्तक मिटले. मला पुढे एक शब्द सुचला नाही, आणि सुचला नाही हे फार बरे झाले.

मी निघालो तेव्हा आमच्या मंडळीतल्या एक वयस्क मावशी आत आल्या. त्यांनी कोणाशी न बोलता माठ धुऊन भरला, चूल पेटवली आणि भाकरीचे पीठ मळायला घेतले. त्या आठवडाभर दोन्ही वेळा येत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे पुस्तक आणण्याचा प्रश्नच नव्हता. आठव्या दिवशी त्या आईनेच त्यांना विचारले, “त्याच्यासाठी आता काय मागायचं असतं?” मावशी म्हणाल्या, “मला ठाऊक नाही बाई. आपण दोघी देवाला सांगू की फार दुखतंय.” हे मला त्या आईनेच पुढे कित्येक वर्षांनी सांगितले.

यिर्मयाचे ते वचन खोटे नाही; ते आपण तोडून वापरतो. यरुशलेमेहून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र पाठवले, त्यातले हे वाक्य आहे. त्याच्या आधीचे दहावे वचन सांगते की परत येण्यास सत्तर वर्षे लागतील. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. त्यांना पाचव्या ते सातव्या वचनांत जे सांगितले आहे ते मगांवर कोणी छापत नाही: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. इतक्या लांबच्या वाटेसाठी दिलेली शिदोरी आपण मूल पुरून चोवीस तासही न झालेल्या बाईच्या हातात कोंबतो आणि तिने लगेच सावरावे अशी अपेक्षा ठेवतो.

मुलेबाळे आणि सारे काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांची चूक तोंड उघडल्यावर सुरू झाली. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, आणि पुढच्या क्षणी आपण त्याला जिवंत करणार आहोत हे माहीत असूनही रडला.

त्यामुळे मी आता दुःखाच्या घरी जाताना पुस्तक पिशवीतच ठेवतो आणि हातात डबा घेऊन जातो. बसतो. विचारले तरच वाचतो, आणि वाचायचे झाले तर तक्रारीचे स्तोत्र वाचतो. स्तोत्र 13 अवघ्या सहा वचनांचे आहे आणि “कुठवर?” या प्रश्नाने सुरू होते. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे, हे ऐकून मोठी माणसे माझ्यासमोर रडली आहेत. 31 डिसेंबरच्या रात्री वचनाची चिठ्ठी उचलून वर्षभराचे भविष्य ठरवणाऱ्यांना मी ही दोन स्तोत्रे आवर्जून वाचायला लावतो.

प्रार्थनाविषयाच्या नावाखाली चहाडी

“अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, ती कोणाबरोबर फिरते ते तुम्हाला ठाऊकच आहे,” अशी वाक्ये प्रार्थनासभेत डोळे मिटून बोलली जातात, म्हणून ती पवित्र होत नाहीत. अशा एका वाक्यामुळे आमच्या मंडळीतले एक कुटुंब तीन वर्षे उपासनेला आले नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची परवानगी मी आधी घेतो, आणि ती मिळाली नाही तर घरी एकटा बसून प्रार्थना करतो. देवाला तपशील सांगावे लागत नाहीत.

लेवीयापाशी थांबणे

दर 1 जानेवारीला वर्गातली निम्मी मुले वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा निश्चय करतात. 1189 अध्याय आणि 365 दिवस, म्हणजे रोज साधारण सव्वातीन अध्याय. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय उत्साहात होतात, आणि जानेवारीच्या अखेरीस लेवीय हे तिसरे पुस्तक सुरू झाले की होमार्पणे, चरबी आणि कुष्ठाच्या नियमांत वाचन बंद पडते. मग ते पुढच्या 1 जानेवारीला पुन्हा उत्पत्तीपासून सुरू करतात. एकाच मुलाने हे चार वर्षे केल्याचे मी पाहिले आहे. त्याला आदाम आणि नोहा यांच्याविषयी खूप माहिती आहे.

या घाईचा मला राग येतो, कारण ती वाचनाला शर्यत करते. रोज एक अध्याय वाचावा, मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. त्याचे अध्याय 16च आहेत, तेव्हा पंधरवड्यात एक पुस्तक पूर्ण होते. लेवीय मात्र टाळू नये. मी वर्गात ते पुस्तक 19व्या अध्यायापासून उघडतो. शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. चहाड्या करत फिरू नका. वजन-मापात लबाडी करू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे सारे त्या एका अध्यायात आहे. मुलांना आधी वाटते की हे नव्या करारातले आहे.

त्याच अध्यायाचे 13वे वचन आमच्या घरी दाराच्या आतल्या बाजूला, खडूने लिहिलेले आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ राहू देऊ नये, असा त्याचा अर्थ. पूर्वी मीही “सोमवारी बाजाराच्या दिवशी देतो” असे म्हणत असे. आता कांदा काढायला आलेल्या बायकांची मजुरी मी आदल्या दिवशीच सुटे करून आणतो, आणि त्या शेतातून पाटी डोक्यावर घेऊन निघण्याआधी, दिवस मावळायच्या आत, प्रत्येकीच्या हातात मोजून देतो.