पहिलं भाषण आभारप्रदर्शनाचं करा

सभेत बोलायला घाबरणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो, "उभं राहा आणि बोल, आपोआप जमेल." तसं जमत नाही. उलट एकदा फजिती झाली की माणूस पुढे कित्येक वर्षं माईककडे फिरकत नाही. सुरुवातीला आभारप्रदर्शन घ्यावं. काम दोन मिनिटांचं, हातात कागद असला तरी कोणी नाक मुरडत नाही, काय बोलायचं ते ठरलेलं आणि श्रोत्यांचं अर्धं लक्ष चहाकडे. सोसायटीचा गणेशोत्सव असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की ऑफिसातला निरोप समारंभ, हे काम सहसा कोणालाच नको असतं. मागितलं की मिळतं.

सभेतल्या बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द धरा, म्हणजे २२० शब्द लिहिले की झालं. आधी अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे, मग देणगीदार, सभागृह देणारे, कार्यकर्ते, साउंडवाले, शेवटी श्रोते. प्रत्येकाला एकच वाक्य, पण त्यात त्याने नेमकं काय केलं ते हवं. "बहुमोल वेळात वेळ काढून" हे सगळ्यांनाच चिकटवता येतं, म्हणून ते कोणालाच पोचत नाही. पाहुण्यांच्या नावाखाली दोन ओळी कोऱ्या सोडा आणि त्यांच्या भाषणातला एखादा मुद्दा ऐकता ऐकता तिथे टिपा. आभार ताजे वाटतात, शिवाय तेवढा वेळ स्वतःच्या धडधडीकडे लक्ष जात नाही.

खरा घोटाळा नावांत होतो. यादी आदल्या दिवशी घ्या आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पुन्हा ताडून पाहा, कारण पाहुणे ऐनवेळी बदलतात. कोण आजी, कोण माजी, हेही विचारून घ्या. माजी अध्यक्षांना अध्यक्ष म्हटलेलं त्यांना चालतं, विद्यमान अध्यक्षांना नाही!

सुटा ए-फोर कागद हाताबरोबर थरथरतो आणि ते मागच्या रांगेतूनही दिसतं. जाड कार्ड किंवा पॅड घ्या. अक्षर १८ पॉइंटचं, एकाच बाजूला, खालचा एक तृतीयांश भाग कोरा. नजर फार खाली गेली की मान वाकते आणि आवाज दबतो.

सराव तीन दिवस, रोज दोनदा, उभं राहून आणि मोठ्याने. मनातल्या मनात वाचणं हा सराव नव्हे. पाठ फक्त पहिली दोन वाक्यं करा. सगळं पाठ केलं की एक शब्द निसटल्यावर पुढचं सगळंच अडतं. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून फक्त वाक्यांचे शेवट ऐका. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच गिळतो. "मंडळातर्फे मी त्यांचे आभार" एवढंच ऐकू येतं. याचं कारण संपलेला श्वास. लांब वाक्याचे दोन तुकडे करा, मधल्या स्वल्पविरामावर श्वास घ्या.

धडधड, कोरडं तोंड, कापणारे हात हे सगळं ॲड्रेनलिनचं काम. बहुतेकांची भीती बोलायच्या क्षणाआधी आणि पहिल्या मिनिटात टोकाला असते, मग उतरते. म्हणून पहिली दोन वाक्यं मुद्दाम सावकाश बोला. आपल्या आधीचा वक्ता बोलत असताना खुर्चीतच चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असं पाच-सहा वेळा करा. घोटभर पाणी प्या. रिकाम्या पोटी कडक चहा नको, धडधड वाढते. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की वक्त्याला आपली घाबरगुंडी जेवढी उघडी पडल्यासारखी वाटते तेवढी ती श्रोत्यांना दिसत नाही, आणि हे आधी सांगितलेल्यांची भाषणं अधिक चांगली झाली. तेव्हा "मला जरा भीती वाटतेय" असं जाहीर करू नका. धडधड थांबवणारी मित्राची गोळीही परस्पर घेऊ नका; अशा काही गोळ्या दमेकऱ्यांना धोक्याच्या असतात.

माईक तोंडापासून चार-पाच बोटं, किंचित तिरका. अगदी समोर धरला तर प, फ, भ फुटतात. जाळीवर मूठ आवळली किंवा माईक स्पीकरकडे वळवला की शिट्टी वाजते. पोडियमवरचा माईक आधीच्या उंच वक्त्याने वर केलेला असेल तर बोलण्यापूर्वी शांतपणे खाली घ्या. त्यात चार सेकंद गेले तर जाऊ द्या.

दोन-तीन आभारप्रदर्शनं झाली की पाहुण्यांचा परिचय मागा, मग प्रास्ताविक. सूत्रसंचालनाची घाई नको; तिथे कागदाबाहेरचं बरंच काही घडतं. आणि भीतीपायी बढती किंवा तोंडी परीक्षा सोडायची वेळ आली असेल, तर एवढ्या सरावावर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या भीतीवर चांगले उपचार आहेत.