पोलंडमध्ये डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना

वॉर्सा, क्राकूफ किंवा व्रोत्सवाफमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी माणसाला आजारपणात इंग्रजीचाच आधार असतो. समोरच्या पोलिश डॉक्टरांसाठीही इंग्रजी ही शिकलेलीच भाषा. अनोळखी शब्द आला तर दोघेही थांबून विचारतात, त्यामुळे त्यात फारसा धोका नसतो. धोका असतो तो दोघांनाही ओळखीच्या वाटणाऱ्या, पण दोघांच्या मनात वेगवेगळा अर्थ असलेल्या शब्दांत. तेवढे शब्द आधी पक्के करून घ्या.

सर्वांत आधी 'अंजायना'. इंग्रजीत त्याचा अर्थ हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत होणारं दुखणं. पोलिशमध्ये हाच शब्द 'आंगीना' असा उच्चारतात आणि त्याचा अर्थ टॉन्सिल्सची तीव्र सूज, बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे झालेली. घसा तपासून डॉक्टर इंग्रजीत 'यू हॅव अंजायना' म्हणाले, तर ते घशाबद्दल बोलत आहेत. अशा वेळी पेनिसिलीनचा कोर्स साधारण १० दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी तो मध्येच सोडू नका. उलट बाजू अधिक गंभीर आहे. हृदयाच्या दुखण्याला पोलिशमध्ये 'द्वावित्सा' म्हणतात. घरात कुणाला हृदयविकाराचा अंजायना असेल आणि तुम्ही नुसतं 'अंजायना' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला घसादुखी वाटू शकते. म्हणून 'चेस्ट पेन, हार्ट' असं सांगा, छातीवर हात ठेवून दाखवा आणि जमल्यास 'बूल फ क्लात्से प्येर्श्योवेय', म्हणजे छातीत दुखतंय, हे पाठ करून ठेवा. छातीत दाब येणं, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर शब्द शोधत बसू नका. ११२ लावा आणि आधी पत्ता सांगा.

'हार्टबर्न' हा शब्दही जपून वापरा, कारण त्यात 'हार्ट' ऐकू येतं. जळजळीसाठी पोलिश शब्द 'झ्गागा' छोटा आहे, तोच वापरा. आपण सरसकट म्हणतो ती 'ॲसिडिटी' तिथे नीट पोचत नाही.

औषध कसं घ्यायचं हे ऐकताना दोन शब्दांवर कान ठेवा. पोलिशमधल्या 'एवेंतुआल्न्ये'चा अर्थ 'गरज पडल्यास' किंवा 'फार तर' असा होतो. त्या सवयीने डॉक्टर 'टेक टू टॅब्लेट्स, इव्हेंच्युअली थ्री' म्हणतात. तिसरी गोळी शेवटी घ्यायचीच आहे असा अर्थ लावू नका. 'ओन्ली इफ नीडेड? हाऊ मेनी इन ट्वेंटी-फोर अवर्स, मॅक्सिमम?' असं लगेच विचारा. दुसरा शब्द 'आक्तुआल्न्ये', म्हणजे 'सध्या'. 'डू यू ॲक्चुअली टेक एनी मेडिसिन?' हा प्रश्न अविश्वासाचा नसतो. सध्या कोणती औषधं चालू आहेत, एवढंच त्यांना विचारायचं असतं. इथे रक्तदाबाच्या गोळ्यांपासून आयुर्वेदिक चूर्णापर्यंत सगळं सांगा.

चिठ्ठीवर '२ x १' लिहिलेलं असेल तर दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी एक गोळी. आधीचा आकडा वेळांचा, नंतरचा गोळ्यांचा. आपल्याकडच्या '१-०-१'ची सवय असल्यामुळे हा आकडा उलटा वाचला जाण्याची शक्यता असते. रक्ततपासणीच्या कागदावर 'ना च्चो' असेल तर उपाशीपोटी जायचं. चहासुद्धा नाही, फक्त पाणी. 'कंट्रोल व्हिजिट' म्हणजे पुन्हा दाखवायला येणं, आणि 'रिसर्चेस' म्हणाले तर तपासण्या. 'वी विल क्युअर यू फॉर टू वीक्स' यातला 'क्युअर' उपचार करणं या अर्थाने येतो. दोन आठवड्यांत हमखास बरं होण्याचं ते आश्वासन नव्हे.

आता आपल्या बाजूच्या चुका. 'लूज मोशन्स' भारताबाहेर क्वचितच कळतं. 'डायरिया' म्हणा आणि दिवसातून किती वेळा ते सांगा. पोलिश शब्द 'बिएगुंका'. 'गिडीनेस'ऐवजी 'डिझी', 'शुगर आहे'ऐवजी 'आय हॅव डायबिटीस'. 'बीपी लो आहे' असं म्हणण्यापेक्षा मोजलेले दोन्ही आकडे द्या. ताप नेहमी सेल्सियसमध्ये सांगा. आपला १०२ म्हणजे तिथला ३८.९, आणि कागदावर तो स्वल्पविराम घालून ३८,९ असा दिसेल. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम ही नावं तिथे उपयोगाची नाहीत; पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन असं घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगा. पॅरासिटामोल तिथे 'आपाप' नावानेही मिळतं. दोन वेगळ्या डब्यांतून तोच घटक दुप्पट पोटात जात नाही ना, हे वेष्टनावर वाचून बघा. ॲलर्जी असेल तर 'उचुलेन्ये' हा शब्द आणि औषधाचं नाव एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

तक्रार सांगताना कुठे, कधीपासून, किती, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, हा क्रम ठेवा. ठणका 'थ्रॉबिंग', चमक 'शूटिंग', मुंग्या 'पिन्स अँड नीडल्स', जळजळ 'बर्निंग'. शब्द अडला तर बोटाने जागा दाखवा आणि वेदनेला ० ते १० मध्ये आकडा द्या. आकड्याचा अनर्थ होणं कठीण, म्हणून अपॉइंटमेंटची वेळही '१४:३०' अशी लिहून घ्या. पोलिशमध्ये अडीच वाजता हे 'तिसऱ्याच्या अर्ध्यावर' अशा रचनेत सांगतात, त्यामुळे इंग्रजीतल्या 'हाफ'चा तासाभराचा घोटाळा होऊ शकतो.

आजाराची भीती हाच आजार होऊन बसला असेल तर तेही सांगता येतं, आणि सांगायला हवं. 'टेन्शन'ने काही स्पष्ट होत नाही. 'आय वरी अ लॉट अबाउट माय हेल्थ', 'आय कीप चेकिंग माय पल्स', 'आय ॲम अफ्रेड इट इज कॅन्सर' अशी थेट वाक्यं वापरा. नेमकी कशाची भीती वाटते हे कळलं की डॉक्टरांना नेमकं उत्तर देता येतं. चिंतेमुळे होणाऱ्या त्रासाला पोलिश बोलीत 'नेर्वित्सा' म्हणतात, त्यामुळे इंग्रजीत 'न्यूरोसिस' ऐकू आलं तर घाबरू नका. तिथे तो रोजच्या वापरातला शब्द आहे. सरकारी विमा योजनेत मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला चिठ्ठी लागत नाही, बहुतेक इतर तज्ज्ञांकडे मात्र 'स्क्येरोवान्ये', म्हणजे डॉक्टरांची शिफारसचिठ्ठी, लागतं. आणि निदानाचा शब्द इंग्रजीत गूगल करण्याआधी डॉक्टरांकडून तो पोलिशमध्ये लिहून घ्या. घशाच्या 'आंगीना'साठी हृदयविकाराची पानं वाचून रात्रभर जागं राहणाऱ्याची काहीही चूक नसते, पण ती रात्र टाळता येते.

औषधाच्या दुकानात, म्हणजे 'आप्तेका'त, चार आकडी कोड आणि तुमचा पेसेल नंबर (पोलंडमधला ओळख क्रमांक) सांगितला की ई-रेत्सेप्तावर, म्हणजे ऑनलाइन प्रिस्क्रिप्शनवर, औषध मिळतं. पोलिश 'रेत्सेप्ता'वरून कुणी 'रेसिपी' म्हणालं तर त्याचा अर्थ प्रिस्क्रिप्शन. साधारण चिठ्ठी ३० दिवस चालते, अँटिबायोटिकची मात्र ७ दिवसच. 'विदाउट प्रिझर्व्हेटिव्ह' आय-ड्रॉप्स मागताना मात्र आधी 'आय ड्रॉप्स' म्हणा, कारण 'प्रेझेरवातीवा' म्हणजे पोलिशमध्ये कंडोम. ऑफिससाठी रजेचा दाखला हवा असेल तर डॉक्टरांच्या खोलीतून उठण्याआधीच 'झ्वोल्न्येन्ये' मागा. बोलीत त्यालाच 'एल-च्तेरी' म्हणतात आणि तो ऑनलाइन थेट नोंदवला जातो.