ईएमटी परीक्षेतले नवे प्रश्नप्रकार: चिठ्ठ्यांवर सराव असा करा

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल रजिस्ट्रीने जुलै २०२४ मध्ये पॅरामेडिकच्या (ईएमटीहून वरचा, अधिक उपचार करू शकणारा दर्जा) आणि एप्रिल २०२५ मध्ये ईएमटीच्या (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) परीक्षेचा आराखडा बदलला. चारातला एक पर्याय निवडण्याच्या नेहमीच्या प्रश्नांसोबत आता एकाहून जास्त उत्तरे निवडणे, कृतींचा क्रम लावणे, लक्षणे माऊसने योग्य रकान्यात ओढणे, तक्त्यात खुणा करणे असेही प्रश्न येतात. चुकीचे तीन पर्याय कटवून उरलेला निवडायची सवय इथे कामाला येत नाही. आधी प्रकरण डोक्यात मांडावे लागते.

सुरुवात क्रमापासून करा, कारण तिथे चुका सहज होतात. मराठवाड्यात नेहमी दिसणारे प्रकरण घ्या: कापसावर फवारणी करताना माणूस कोसळला. सहा चिठ्ठ्यांवर सहा कृती लिहा: हातमोजे व गाऊन घालणे, माणसाला फवाऱ्यापासून दूर नेणे, कपडे उतरवणे, भरपूर पाण्याने धुणे, तोंडातला स्राव सक्शनने (नळीतून ओढून) काढणे, ऑक्सिजन देणे. चिठ्ठ्या पिसा आणि क्रमाने लावा. मोजे-गाऊन पहिले, याला अपवाद नाही. ते विसरून रुग्णाला हात लावला की मदत करणाऱ्यालाच विषबाधा होऊ शकते. पुढचा क्रम प्रश्नातल्या वर्णनावर ठरतो. रुग्ण बोलत असेल, श्वास नीट असेल, तर आधी कपडे आणि धुणे. घसा गुरगुरत असेल, तर धुणे संपेपर्यंत सक्शन थांबवता येत नाही. म्हणून पाठ केलेली यादी उतरवू नका, प्रश्न दोनदा वाचा.

मग रकाने. कागदावर दोन करा: फवारणीची विषबाधा आणि उष्माघात. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब हे पहिल्यात. ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले शरीराचे तापमान आणि तापलेली त्वचा दुसऱ्यात. गोंधळ उडतो तो घामापाशी: उन्हात राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो, आणि शुद्ध तर दोन्हींत हरपते. अशा एकेकट्या लक्षणावर निर्णय घेऊ नका, बाहुल्या आणि तापमान पाहा.

एकाहून जास्त उत्तरांच्या प्रश्नात 'दोन निवडा' की 'तीन निवडा' हे आधी वाचा. प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे बरोबर की चूक असा तपासा. वैद्यकीयदृष्ट्या खरा असलेला पर्यायही, विचारलेल्या क्षणी करायचा नसेल, तर चूकच.

वेळेचा हिशोब सोपा आहे. ईएमटीला ७० ते १२० प्रश्न आणि २ तास, म्हणजे प्रश्नामागे साधारण मिनिट धरा. परीक्षा उत्तरानुसार पुढचा प्रश्न ठरवते, त्यामुळे मागे जाता येत नाही. पुढे जाण्याआधी प्रत्येक पर्याय जागेवर बसला का, ते पाहा. चिठ्ठ्यांवर हात बसला की शेवटचे काही दिवस मोबाईल बाजूला ठेवून संगणकावर, माऊसने सराव करा.