घरच्या भट्टीतलं गुलाबपाणी

काजूचा हंगाम आला की गोव्यातल्या गावांत भट्ट्या पेटतात. भाणात आंबवलेला रस उकळतो, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते, थंड होते आणि फेणी थेंबथेंब गळू लागते. हे एकदा पाहिलेल्याला गुलाबपाणी समजावून सांगावं लागत नाही. कनौजला तांब्याच्या देगेत पाकळ्या नि पाणी घालतात, झाकणाची फट मातीने लिंपतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, उतरवतात. इथे फक्त आंबवणं नाही. तेव्हा पाकळ्या उकळून गाळलेलं गुलाबी पाणी हा गुलाबाचा काढा झाला. दिसतो सुरेख, पण आपल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बिघडतो.

फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब हे मुळात त्या पाण्याचंच नाव. आपण ते फुलाला दिलं आणि मग पाण्यासाठी आणखी एक ‘पाणी’ जोडलं! इराणी वैद्य इब्न सिनाने गुलाबपाण्याचा शोध लावला असं सर्रास लिहिलं जातं, पण अरब विद्वान अल-किंदीने सुगंधी द्रव्यं आणि ऊर्ध्वपातन (वाफ थंड करून अर्क काढणं) यांवर नवव्या शतकातच लिहून ठेवलं होतं, म्हणजे इब्न सिनाच्या जन्माआधी. दहाव्या शतकात इराणमधल्या जूर गावचं, आजच्या फिरुझाबादचं, गुलाबपाणी दूरदूरच्या मुलखांत जात असे. पुढे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे की, नूरजहानची आई गुलाबपाणी काढत असताना वर साचलेला तेलकट थर तिच्या नजरेस पडला आणि त्यातून गुलाबाचं अत्तर मिळालं.

आता कृती. पहिला प्रश्न फुलांचा, आणि बरेच जण इथेच चुकतात. म्हापसा, मडगावच्या बाजारातले लांब देठाचे गुलाब दिसायला टवटवीत, पण त्यांना वास जेमतेम असतो, वर कीटकनाशकाची फवारणी. ते घेऊ नयेत. दमास्क जातीचा गुलाब सर्वांत चांगला, पण परसातला औषध न मारलेला, वासाचा गावठी गुलाबही चालतो. फुलं ऊन चढण्याआधी खुडावीत. दुपारपर्यंत बराच वास उडालेला असतो. पावसात भिजलेल्या फुलांचं पाणी फिकं उतरतं.

पाकळ्या 100 ग्रॅम, म्हणजे साधारण 40 ते 60 फुलं, आणि पाणी 800 मिली. विहिरीचं किंवा नळाचं नको, फिल्टरचं घ्यावं. जाड बुडाच्या 3 लिटरच्या पातेल्यात मधोमध स्टीलची वाटी पालथी ठेवून तिच्यावर रिकामा वाडगा बसवावा. भोवती पाकळ्या पसराव्यात, पाणी ओतावं. पाण्याची पातळी वाडग्याच्या काठाच्या बरीच खाली हवी, नाहीतर उकळी आत उडते. घुमटाकार झाकण उलटं ठेवावं. मूठ बरोबर वाडग्यावर यायला हवी, कारण थेंब तिथूनच पडतात. सपाट झाकणावरून ते कडेला ओघळतात. मूठ प्लास्टिकची असेल तर काढून टाकावी आणि भोक कणकेने बुजवावं. कडेची फटही कणकेनेच लिंपावी.

पाणी तापलं की आच अगदी मंद करावी आणि झाकणावर बर्फ ठेवावा. वितळलेलं पाणी डावाने काढून पुन्हा बर्फ घालायचा. भट्टीवाला भांड्यावर थंड पाणी ओततो, तेच हे. आच मोठी केली तर वाफ फटीतून निसटते आणि करपट वास लागतो. 30 ते 40 मिनिटांत 100 ते 150 मिली पाणी जमतं. तिथेच थांबावं. हाव धरून पुढे चालू ठेवलं की शिजलेल्या भाजीसारखा वास येतो आणि आधीचं चांगलं पाणीही बिघडतं.

जमलेलं पाणी रंगहीन असतं. गुलाबी निघालं तर उकळी वाडग्यात उडाली असं समजावं. वास अत्तराइतका दाट नसतो: फेनिल-इथाइल अल्कोहोल हे सुगंधी द्रव्य पाण्यात विरघळतं, बाकीचे बरेच घटक तेलात राहतात. काचेची बाटली 10 मिनिटं उकळून पूर्ण कोरडी करून भरावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन आठवड्यांत संपवावी. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. गढूळपणा, तार किंवा आंबूस वास दिसला की फेकून द्यावं.

त्वचेसाठी याचं काम सौम्य आहे, त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 ते 48 तास पाहावं, कारण गुलाबातल्या जिरॅनिओल आणि सिट्रोनेलॉलची काहींना ॲलर्जी असते. चेहरा धुतल्यावर फवारावं आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं. नुसतं गुलाबपाणी उडून जातं, ओलावा टिकवत नाही. ग्लिसरीन मिसळायचं तर 90 मिलीला 10 मिली पुरे. गोव्याच्या दमट हवेत जास्त घातलं की चेहरा चिकचिकतो. तेलकट त्वचेला 2 चमचे मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवून लावावी आणि 10 मिनिटांत, तडे जायच्या आत, धुवावी. घामोळ्यांवर फवारल्याने गार वाटतं, तेवढंच. ती बरी करायला सैल सुती कपडे आणि वारा लागतो.

गुलाबपाणी, ग्लिसरीन आणि लिंबू हे मिश्रण घरोघरी प्रसिद्ध आहे. त्यातलं लिंबू वगळावं. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात; समुद्रावर जाणाऱ्यांनी तर हात लावू नये. घरचं पाणी निर्जंतुक नसतं, म्हणून ते डोळ्यांत घालू नये आणि उघड्या जखमेवरही नको.

विकत घ्यायचं तर बाटलीचा पुढचा फुलांचा फोटो सोडून मागची घटकांची यादी वाचावी. ‘रोझा डॅमासीना फ्लॉवर वॉटर’, म्हणजे दमास्क गुलाबाचं पाणी, पहिलं असावं. पाणी, सुगंध आणि रंग अशी यादी असेल तर ते वासाचं पाणी. थोडं प्रिझर्व्हेटिव्ह असलं तर बिघडत नाही. आपल्या पावसाळ्यात ते असलेलं बरंच. आणि ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलेली बाटली खिरीत ओतू नये.