टी सेलचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

दर सुट्टीत एखादं पोरगं टी सेलचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीचं, सिम्युलेशन लॅपटॉपवर घेऊन विश्रामबागला माझ्याकडं येतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, सेल ॲक्टिव्हेट होतोय!" मागच्या वर्षी साताऱ्याचा एक जण तर कंदी पेढेच घेऊन आला. पेढा तोंडात टाकून कोड उघडला, तर टाइमस्टेप, म्हणजे सिम्युलेशन एका पावलात पुढं सरकतं तो वेळ, १ सेकंद. म्हटलं आता शरीराचं स्वतःचं पेप्टाइड (प्रोटीनचा तुकडा) टाकून चालव, त्याला सेलनं गप्प बसायला हवं. सेल त्यालाही ॲक्टिव्हेट!

झालं काय होतं, सेलचा रिसेप्टर आणि हे पेप्टाइड यांच्यातल्या कमजोर बंधाचा सरासरी टिकाव त्यानं अर्धा सेकंद धरलेला, म्हणजे तुटायचा दर सेकंदाला २, त्याला १ सेकंदानं गुणून शक्यता आली २. दोनशे टक्के. कॉम्प्युटर बिचारा काही बोलत नाही. त्यात लूपमध्ये आधी रिसेप्टरला तिन्ही फॉस्फेट (ॲक्टिव्हेट होण्याच्या साखळीतल्या पायऱ्या) लागायचे आणि मग बंध तुटला का ते बघायचं, म्हणजे प्रत्येक बंधाला एक सेकंद फुकट. १९९५ साली मॅककायथननं टी सेलसाठी मांडलेल्या कायनेटिक प्रूफरीडिंगचा सगळा जीवच उशिरात आहे, कमजोर बंध साखळी पुरी व्हायच्या आत सुटला पाहिजे, तोच उशीर यानं खाऊन टाकला.

मी टाइमस्टेप म्हणून सगळ्यात कमी टिकणाऱ्या बंधाच्या टिकावाचा विसावा हिस्सा घेतो, इथं ०.०२५ सेकंद, मग तो निम्मा करून परत चालवतो. उत्तर हललं की अजून निम्मा. नाहीतर सरळ गिलेस्पी अल्गोरिदम वापरा, त्यात ठरावीक टाइमस्टेपच नसतो, १९७७ पासून आहे की.

दुसरं, मेम्ब्रेन (पेशीचं आवरण) सपाट पत्र्यासारखं धरू नका. रिसेप्टरचा बंध साधारण १५ नॅनोमीटर उंच, पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या एलएफए-१ चा ४० च्या आसपास, या फरकानंच ते वेगळे होतात, फॉस्फेट काढणारा सीडी४५ बाहेर ढकलला जातो, आणि पेशीच्या सांगाड्यातलं ॲक्टिन रिसेप्टर मध्याकडं ओढतं. हे काहीच न टाकता रिंग (मध्ये रिसेप्टर, भोवती एलएफए-१) येत नाही म्हणून काही बहाद्दर सुरुवातीलाच रेणू रिंगमध्ये मांडून ठेवतात. पेपर फोडून पहिला नंबर!

द्रावणात मोजलेली ॲफिनिटी (बंधाची ओढ) तशीच मेम्ब्रेनवर चिकटवू नका, तिथं हिशोब चौरस मायक्रोमीटरला किती रेणू असा असतो.

एकाच सीडवर (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ग्राफ काढून पाठवू नका. मी बघत नाही.

तर ०.०२५ चा टाइमस्टेप घेतल्यावर पेढेवाल्याचा २० मिनिटांचा रन १३ तासांवर गेला. एवढा वेळ, सर? हो बाबा, एवढाच. बसला रात्रभर. नवव्या तासाला लाइट गेली, बॅटरी कधीचीच मेलेली, आणि मधे मधे सेव्ह करायची ओळ कोडमध्ये नव्हतीच.