मांडवीच्या पाण्यातलं प्लवक डीएनएवरून ओळखायचं तर

गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांच्या मुखाशी प्लवकाचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांचे, नमुने घेणारे एम.एस्सी.चे विद्यार्थी पहिल्यांदा विचारतात, “मॅडम, डीएनए काढायला किट कोणतं घेऊ?” मी त्यांना विचारते, तुला पाण्यात बघायचंय कोण? कारण कोण दिसणार, हे बरंचसं जाळी आणि प्रायमर (हव्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) निवडतानाच ठरून जातं.

प्राणीप्लवक वेगळं काढायला पाणी आधी २०० मायक्रॉनच्या जाळीतून ओततात. ते योग्यच आहे, नाहीतर चार-दोन कोपेपॉडांचा (कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक प्राण्यांचा) डीएनए सगळे सिक्वेन्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, खाऊन टाकतो. पण रात्री लाटा निळ्या चमकवणारी एकपेशी नॉक्टिल्युका बहुतेक त्याच जाळीवर अडकते, तिची पेशी २ मिलिमीटरपर्यंत वाढू शकते. ती हवी असेल तर जाळीवर राहिलेलंही वेगळ्या कुपीत ठेवा.

मग जाळीतून गेलेल्या पाण्यासाठी ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, पेशी त्याच्यावर राहतात. पावसाळ्यात नदी इतका गाळ आणते की फिल्टर लवकर तुंबतो. तेव्हा पंपाचा जोर वाढवू नका, नाजूक फ्लॅजेलेट (शेपटीसारख्या धाग्याने पोहणाऱ्या पेशी) फुटतात आणि त्यांचा डीएनए पाण्याबरोबर निघून जातो. दुसरा फिल्टर लावा आणि किती मिलिलिटर पाणी गेलं ते तिथेच लिहा. निर्जंतुक पाण्याची एक बाटलीही होडीतून नेऊन याच सगळ्या पायऱ्यांतून काढा, हा तुमचा ब्लँक, बाहेरून मिसळलेला डीएनए दाखवणारा कोरा नमुना. त्याच जागेच्या, त्याच भरतीच्या पाण्याची आणखी एक बाटली पेशी टिकवणारं ल्युगॉल आयोडीन घालून सूक्ष्मदर्शकासाठी राखून ठेवा. तिच्याशिवाय मी पुढचं काम सुरूच करू देत नाही.

फिल्टर लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, नंतर उणे ८० अंशांवर. डीएनए काढताना बारीक मण्यांबरोबर जोरात हलवणं टाळू नका, डायटम या एकपेशी शैवालाचं कवच सिलिकाचं असतं. खारफुटीजवळच्या नमुन्यात पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडला तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा.

प्रायमरसाठी १८एस या रायबोसोमच्या जनुकाचा, जीवागणिक बदलणारा व्ही४ भाग घ्या. तो साधारण ४०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) असतो, त्यामुळे दोन्ही टोकांनी वाचता येतो. मात्र सायनोबॅक्टेरियांत, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जीवाणूंत, १८एस नसतंच. त्यांतला मायक्रॉनभर आकाराचा सिनेकोकॉकस हवा असेल तर जीवाणूंचं १६एस जनुकही करावं लागेल, त्यात शैवालांच्या हरितलवकांचे सिक्वेन्सही मिळतात. पावसाळ्यात इथे फुलणाऱ्या स्केलेटोनेमा या डायटमच्या साखळ्यांना पूर्वी सरसकट ‘कोस्टॅटम’ म्हणत. २००५ साली त्या नावाखाली अनेक प्रजाती असल्याचं दाखवलं गेलं. त्या वेगळ्या करायच्या तर रायबोसोमचंच २८एस जनुक अधिक भरवशाचं.

पुढे संगणकावर कटअडॅप्ट प्रोग्रॅमने सिक्वेन्सचे प्रायमर कापा, वाचनातल्या चुका काढणारा डाडा२ चालवा, जीवांची नावं पीआर२ या सिक्वेन्सच्या संग्रहातून लावा. प्राणी आणि बुरशी वगळा. ब्लँकमध्ये जे आलंय ते नमुन्यातही दिसलं तर त्याच्याकडे संशयाने बघा.

आता टक्केवारी. डायनोफ्लॅजेलेटच्या (नॉक्टिल्युकाच्या गटातल्या जीवांच्या) एका पेशीत १८एस जनुकाच्या हजारो प्रती असू शकतात, अतिसूक्ष्म हरितशैवालात मोजक्याच. म्हणून ६० टक्के सिक्वेन्स म्हणजे ६० टक्के पेशी नव्हेत. तक्त्यात सिक्वेन्सच्या शेजारी ल्युगॉलच्या बाटलीतून मोजलेल्या दर लिटर पेशींचा रकाना द्या. डीएनएत आहे पण भिंगाखाली नाही, असा जीव बहुधा फार लहान किंवा विरळ असतो. भिंगाखाली भरपूर आणि डीएनएत गायब, असं झालं तर प्रायमर त्या प्रजातीला चिकटतो का ते तपासा. चिकटत असेल तर मण्यांची पायरी पुन्हा करा.