स्वप्नं मागून, दिवस पुढून: रोजनिशी कशी ठेवावी

1 जानेवारीला सुरू झालेली डायरी बऱ्याच घरांत संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत बंद पडते. आळस हे त्याचं खरं कारण नसतं. स्वप्न, दिवसभराचा हिशोब आणि घरच्या जुन्या आठवणी या तीन वेगळ्या गोष्टी एकाच वहीत, एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने लिहायला गेलं की तिन्ही फसतात. स्वप्न जाग आल्यावर काही मिनिटांतच विरायला लागतं. दिवस रात्रीपर्यंत टिकतो. आजीची आठवण चाळीस वर्षं टिकून असते, पण दर वेळी सांगताना थोडी बदलते. म्हणून तिघांची वेळ वेगळी ठेवावी.

आधी वही. तारखा छापलेली डायरी घेऊ नये, कारण चार पानं कोरी राहिली की मन खट्टू होतं आणि पाचवं पानही कोरंच राहतं. साधं 200 पानी रजिस्टर घ्यावं. ते शिवलेल्या बांधणीचं असावं आणि कागद 70 जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) खाली नसावा, म्हणजे शाई मागच्या बाजूला उमटत नाही. तारेची स्पायरल वही नागपूरला टिकत नाही. एप्रिल ते जून कूलरची ओलसर हवा खोलीत भरलेली असते, त्यात तार गंजते आणि तिचा डाग पानांच्या कडांना लागतो. पेन साधा बॉलपेनच बरा. त्याची तेलकट शाई पाण्याने सहसा पसरत नाही. फाउंटन पेनची धुतली जाणारी निळी शाई घामेजल्या तळव्यानेही पुसटते.

वहीच्या पुढच्या बाजूने रोजचा दिवस लिहावा आणि वही उलटी फिरवून मागच्या बाजूने स्वप्नं. दोन्ही लिखाणं मधे कुठेतरी भेटली की वही संपली. दोन वह्या केल्या तर एक हमखास हरवते. घरच्या आठवणींना मात्र या वहीत जागा देऊ नये. त्यांच्यासाठी भोकं पाडलेले सुटे ए-4 कागद आणि एक फाइल घ्यावी, कारण तिथे मागाहून सतत भर पडते. काकाजी आज एक सांगतात, दिवाळीत आत्या त्यात दुरुस्ती करते, आणि तेव्हा मधे कागद घालता आला पाहिजे.

स्वप्न पकडण्याची रीत

झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची असते आणि ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं तिच्या शेवटच्या टप्प्यात पडतात. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो, म्हणून लक्षात राहणारं स्वप्न बहुधा सकाळच्या शेवटच्या झोपेतलं असतं. त्याच टप्प्यात किंवा तो संपता संपता जाग आली तरच ते हाती लागतं. मे महिन्यात कूलरचं पाणी संपतं, लाइन जाते, रात्रीतून तीनदा जाग येते आणि लोक म्हणतात की उन्हाळ्यात स्वप्नं फार पडतात. पडतात तितकीच, फक्त झोप तुटल्यामुळे जास्त आठवतात.

जाग आली की लगेच हलू नये. डोळे मिटलेले, अंग होतं त्याच कुशीवर. शेवटचं चित्र धरून ठेवावं आणि मनाशी विचारावं, ‘याच्या आधी मी कुठे होतो?’ असं मागे मागे जावं. पुढून सुरुवात केली तर मन आपल्या पदरची गोष्ट रचायला लागतं, मागे गेलं तर तुकडे होते तसे सापडतात. चार-पाच तुकडे जमले की उशाशी ठेवलेल्या कागदावर फक्त शब्द टाकावेत: ‘फुटाळा, हजेरी, एक चप्पल’ (फुटाळा म्हणजे नागपूरचा एक तलाव). इथे पेन्सिलच हवी. झोपल्या झोपल्या कागद वर धरून लिहिलं की बॉलपेनची शाई उतरत नाही, आणि पेन झटकण्यात स्वप्न जातं. मोबाइल तर हातातच घेऊ नये. एक मेसेज वाचला की पाटी कोरी.

पूर्ण लिखाण चहाच्या आधी करावं, वर्तमानकाळात आणि आपल्या घरच्या बोलीत. ‘विचित्र स्वप्न पडलं, फार भीती वाटली’ या ओळीतून सहा महिन्यांनी काहीच परत येणार नाही. त्याऐवजी असं: ‘फुटाळ्याच्या काठावर वर्ग भरला आहे. पाणी नाही, भेगाळलेली जमीन. मोठे बाबा हजेरी घेऊन राहिले, पण आवाज आईचा. माझ्या पायात एकच चप्पल. लाज वाटते, भीती नाही.’ जागा, माणसं, जे जुळत नाही ते, आणि एक नेमकी भावना. एवढं पुरतं. जे आठवत नाही तिथे तीन टिंबं द्यावीत, पूल बांधू नये. एकही तुकडा हाती नसेल त्या दिवशी उठतानाचा मूड लिहावा: जड, हलका, चिडका. रोज कागदाकडे हात गेला की दोन-तीन आठवड्यांत आठवण वाढू लागते.

डाव्या बाजूला तीन बोटं समास सोडावा. त्यात रात्री, म्हणजे स्वप्नाचा दिवस सरल्यावर, आदल्या दिवसातलं काय त्या स्वप्नात शिरलं ते लिहावं: ऐकलेलं गाणं, रस्त्यातला अपघात, शाळेच्या मैत्रिणीचा फोन. अर्थ लावायची घाई करू नये. पाण्याचा अर्थ अमुक आणि सापाचा तमुक असले तक्ते बाजूला ठेवलेले बरे; तुमच्या स्वप्नातला साप तुमच्याच कुठल्यातरी दुपारचा असतो. महिनाअखेरीला सगळी पानं सलग वाचावीत आणि फक्त मोजावं: कोणती जागा किती वेळा आली, कोण पुन्हा पुन्हा येतं.

तेच वाईट स्वप्न परत परत येत असेल तर एक जुजबी पण उपयोगी उपाय आहे. दिवसा, उजेडात, ते स्वप्न कागदावर लिहावं आणि त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलावा. मग रोज दहा-वीस मिनिटं तो बदललेला शेवट डोळ्यांपुढे आणावा. काही आठवडे करावं लागतं. घरातल्या मृत्यूनंतर किंवा अपघातानंतर स्वप्नांनी झोपच उडाली असेल तर वहीवर विसंबू नये. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, नंबरवर फोन करावा किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. आणि स्वप्नं लिहायची म्हणून रात्री मुद्दाम गजर लावून उठू नये, झोप महत्त्वाची.

रोजचा दिवस

रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, पाच ते सात ओळी. त्याहून जास्त लिहायची सवय लावली तर दमछाक होते आणि वही सुटते. तारखेसोबत वार आणि तिथी टाकावी. घरातले सण तिथीने येतात, पुढे शोधताना तिचाच आधार लागतो. मग चार गोष्टी: आज ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं, एखादा भाव, हाताने केलेलं एक काम, आणि हवा. ‘आज कंटाळा आला’ लिहायचं असेल तर कशाने, तेही लिहावं.

घराची रोजनिशी उपयोगी पडते ती ऋतूंच्या नोंदींमुळे. कूलर कधी बसवला, त्याच्या गवताच्या ताट्या कधी बदलल्या, मोटर कोणी दुरुस्त केली. 25 मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला तेव्हा वाळवणाचं काय केलं, किती गव्हाच्या कुरड्या झाल्या, चीक का बिघडला. पहिला पाऊस कोणत्या तारखेला आला आणि छत कुठे गळलं. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) संत्री दिवाळीच्या सुमारास आणि मृगाची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. त्यांचा भाव आणि गोडी यांची एक ओळ टाकली तर तीन वर्षांत छान तुलना जमते. ‘मागच्या वर्षी ताट्या केव्हा आणल्या होत्या?’ या प्रश्नाला वहीने उत्तर दिलं की घरातले बाकीचे लोकही तिला जपू लागतात.

चार दिवस राहून गेले तर ते आठवून आठवून भरू नयेत. ‘12 ते 15, लग्नाची धावपळ’ एवढी एक ओळ लिहून आजच्या दिवसावर यावं.

आजी-आबाजींच्या आठवणी

हे काम आठवड्यातून एकदा, सकाळी नाश्त्यानंतर किंवा संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, जास्तीत जास्त 40-45 मिनिटं. त्यापुढे म्हातारं माणूस थकतं आणि ‘झालं, अजून काय सांगू’ वर येतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारावं आणि फोन समोर दिसेल असा ठेवावा. कूलर आणि पंखा बंद करावा, नाहीतर पाऊण तासाच्या मेहनतीत नुसती घरघर ऐकू येते. फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा. टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात शिरतो. मध्यम दर्जाच्या रेकॉर्डिंगला तासाला साधारण 60 एमबी जागा लागते. सगळं उतरवून काढण्याच्या फंदात पडू नये, एका तासाच्या बोलण्याला चार-पाच तास जातात. ऐकताना ‘12.40, विहिरीचं भांडण’ अशा वेळेच्या खुणा कराव्यात आणि महत्त्वाचं तेवढंच उतरवावं.

‘आजी, तुझ्या लहानपणाबद्दल सांग’ असं विचारलं की ‘काय सांगू बाई, गरिबी होती’ एवढंच मिळतं. प्रश्न हाताला लागेल असा हवा. उन्हाळ्यात रात्री झोपायचे कुठे, अंगणात बाजेवर की गच्चीवर? गच्चीवर पाणी कोण शिंपडायचं? पाणी कुठून भरायचे आणि किती खेपा? रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) कोणत्या भाजीसोबत, आणि किती माणसांचे? आबाजी मिलमध्ये असतील तर पाळी कोणती, भोंगा झाला की घरात काय हालचाल व्हायची, पगाराच्या दिवशी काय आणायचे? नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 1877 ला सुरू झाली, तेव्हा अनेक घरांत तीन-तीन पिढ्यांच्या मिलच्या आठवणी निघतात. मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक) कुठे उभं राहून पाहायचे आणि ओरडायचे काय, हेही विचारावं. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. गप्प बसावं. खरी गोष्ट बहुधा त्या थांब्यानंतर येते.

उतरवताना भाषा ‘सुधारू’ नये. आजी सांबार म्हणाली तर कोथिंबीर लिहू नये, आलूचा बटाटा करू नये, फल्लीचे शेंगदाणे करू नयेत. ‘मले काऊन सांगितलं नाही’ हे ‘मला का सांगितलं नाही’ झालं की कागदावर आजी उरत नाही, फक्त माहिती उरते. नातवंडांना कळणार नाही असं वाटलं तर समासात अर्थ द्यावा.

सगळ्यात जास्त घोळ वर्षांचा होतो. ‘तेव्हा मी दहा-बारा वर्षांची असेन’ यावर थांबू नये, मोठ्या घटनेला बांधून पाहावं. ते बाबासाहेबांच्या दीक्षेच्या, म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 च्या, आधीचं की नंतरचं? नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असतानाचं का? ते राजधानीपण त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला गेलं. 1972 च्या दुष्काळाच्या वेळी मोठे बाबा शाळेत होते की नोकरीला? जन्म ‘तान्ह्या पोळ्याचा’ सांगितला तर तो श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाचा. वर्षाचा अंदाज आला की जुन्या पंचांगातून तारीख निघते. शाळेच्या दाखल्यावर 1 जून किंवा 1 जुलै दिसली तर जरा सावध राहावं, नाव घालताना मास्तरांनी अंदाजे टाकलेली तारीख असू शकते. लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, नोकरीचे कागद समोर ठेवून विचारलं तर आठवणही पक्की होते.

दोन माणसं एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतील. खरं कोणाचं हे ठरवायला बसू नये. दोन्ही लिहावं, प्रत्येकाखाली कोणी आणि कोणत्या तारखेला सांगितलं ते टाकावं. ‘हे लिहू नको’ म्हटलेलं खरोखर लिहू नये आणि रेकॉर्डिंगमधूनही काढावं. तो विश्वास एकदा गेला की पुढच्या रविवारी कोणी बसत नाही.

सांभाळायचं कसं

जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, नावं डावीकडून उजवीकडे लिहावीत. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. फोटो आणि पत्रं लॅमिनेट करू नयेत, सेलोटेपही लावू नये, तो पिवळा पडतो आणि त्याचा गोंद कागदात उतरतो. फाइलीतल्या टाचण्या काढाव्यात. उधई (वाळवी) भिंतीतून येते, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे असावं. डांबरगोळ्या कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, कागदाला टेकवू नयेत. महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून ‘2025-05-14’ अशा नावाने साठवावेत, म्हणजे ते आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे.

वह्या खालच्या कप्प्यात ठेवू नयेत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या आसपासच्या वस्त्यांत घरात पाणी शिरलं, तेव्हा आधी भिजले ते खालचे कप्पे. वही भिजलीच तर पानं ओढून सुटी करू नयेत, ओला कागद सहज फाटतो. उन्हातही ठेवू नये, पानं वेडीवाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. वही उभी करून पंख्याच्या हवेत, जरा बाजूला ठेवावी. दर दहा-पंधरा पानांमागे कोरा टिपकागद किंवा न छापलेला पांढरा कागद घालावा आणि तो दर दोन-तीन तासांनी बदलावा. छापील वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. वह्या खूप असतील आणि एका दिवसात हात पुरणार नसेल तर प्रत्येक वही प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवावी. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, गोठवलेल्या कागदावर ती वाढत नाही, आणि मग एकेक वही बाहेर काढून सावकाश वाळवता येते.